मदत हवी आहे: वॉकीटॉकीचा दिवा लागतो, पण आवाज येत नाही

भटकभवानी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमचा हौशी ट्रेकर्सचा गट आहे. पंचवीस-तीस जण असतात, त्यात निम्मे नवखे. पावसाळा संपला की खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड करायचा बेत आहे. या वाटेवर पुढचे खिंड ओलांडून रेलिंगच्या कातळटप्प्यावर चढलेले असतात, तेव्हा मागचे खाली झाडीत फोटो काढत असतात. मोबाईलचा भरवसा नाही, म्हणून वर्गणी काढून वॉकीटॉकी घेतले. दोन जुने आहेत, चार नवे, आणि नवे दुसऱ्या कंपनीचे. सगळे ४४६ मेगाहर्ट्झचे, विनापरवाना चालणारे, अर्ध्या वॅटचे. सगळे चॅनेल ५, कोड ५ वर लावलेत.

आता रडगाणं. जुन्यावरून जुन्यावर बोलणं होतं, नव्यावरून नव्यावर होतं. जुन्या-नव्यांची मात्र गट्टी फू. एकाने बोलायला सुरुवात केली की दुसऱ्याचा हिरवा दिवा लागतो, पण आवाज शून्य. त्यातही एक नवा सेट वेगळाच आहे. त्याला सगळ्यांचं ऐकू येतं, पण तो बोलला तर कोणालाच ऐकू जात नाही. शिवाय कोणीही बोललं की पहिले एक-दोन शब्द गायब. "थांबू नका" म्हटलेलं पलीकडे "नका" एवढंच पोचतं!

आणि मुख्य म्हणजे मध्ये डोंगर आला की सगळंच बंद. खोक्यावर ५ किलोमीटर छापलंय. सेट खराब आहेत का? परत करू का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घाटवाट

शिट्टी घ्या, बॅटरी लागत नाही. 😀 अवांतर झालं, माफी. वाचतोय.

तारयंत्र

ताई, परत करू नका. तुम्ही दिलेल्या खुणांवरून सेट ठणठणीत दिसतायत. हिरवा दिवा म्हणजे त्या चॅनेलवर लहरी येतायत. म्हणजे रेडिओने त्याचं काम केलं, आवाज अडवलाय तो कोडने.

हा कोड म्हणजे बोलण्याबरोबर सतत जाणारा एक खर्जातला सूर असतो. ६७ हर्ट्झपासून साधारण अडीचशेपर्यंतचे ठरलेले सूर आहेत. स्पीकरकडे जाण्याआधी तो गाळला जातो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. समोरच्या सेटला त्याचा ठरलेला सूर सापडला तरच तो स्पीकर उघडतो, नाहीतर गप्प बसतो. गोम अशी की ५ हा नुसता यादीतला क्रमांक आहे, आणि सगळ्या कंपन्यांची यादी एक नसते. ३८ सुरांच्या नेहमीच्या यादीत पहिला ६७.०, मग ७१.९, ७४.४, ७७.० आणि पाचवा ७९.७. काही कंपन्या मात्र दुसऱ्या जागी ६९.३ घुसवतात. मग पुढचे सगळे एकेक घर खाली सरकतात आणि त्यांचा पाचवा होतो ७७.०. दोन्ही पडद्यांवर ५च दिसतो, सूर वेगळे.

खात्री करायची तर दिवा लागलेला असताना मॉनिटरचं बटण दाबून धरा (बहुतेक सेटांना बाजूला असतं, काहींत मेनूत). ते कोडला न जुमानता स्पीकर उघडतं. आवाज आला तर कोडच चोर. मग दोन्ही माहितीपुस्तिका समोर ठेवा आणि क्रमांक न बघता हर्ट्झ जुळवा.

तुमच्या त्या आगाऊ नव्या सेटचा कोड बहुधा ० आहे, म्हणजे बंद. कोड बंद असलेला सेट सगळ्यांचं ऐकतो. पण त्याच्या बोलण्याबरोबर सूर जात नाही, म्हणून बाकीचे त्याला दारात उभं करत नाहीत.

माझं मत विचाराल तर ट्रेकला सगळ्यांचेच कोड ० करा. खोक्यावर याला "प्रायव्हसी कोड" म्हणतात, पण त्याने गुप्तता काडीची मिळत नाही. कोड ० वर असलेला कोणीही तुमचं सगळं ऐकू शकतो. उलट तोटा असा की त्याच चॅनेलवर दुसरा गट बोलत असला तर तुम्हाला ते कळतच नाही. तुम्ही बटण दाबता आणि दोघांचंही बोलणं मातीत. शनिवार-रविवारी गडावर गर्दी असेल आणि दुसऱ्यांची बडबड असह्य झाली तर चॅनेल बदला. बदलायचा चॅनेल मात्र खालीच ठरवून घ्या. नवे सेट १६ चॅनेलचे आणि जुने ८ चॅनेलचे असतील तर १ ते ८ मध्येच राहा. ९ च्या पुढे जुने येणार नाहीत.

टेकडीवाला

तारयंत्र यांच्याशी सहमत. शब्द गिळले जाण्याबद्दल: बटण दाबल्याबरोबर बोलू नका. सेटला ऐकण्यातून बोलण्यात यायला क्षणभर लागतो, समोरच्याला तो सूर ओळखून स्पीकर उघडायलाही लागतो. बटण दाबा, मनात "एक" म्हणा, मग बोला. संपल्यावरही शेवटचं अक्षर तोंडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत बोट उचलू नका. सेट तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना उभी. ओरडलात की आवाज फाटतो.

हाक मारताना आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव दोनदा, मग आपलं. असं:

"शेवट, शेवट, मी पुढचा. ओव्हर."
"बोल पुढचा. ओव्हर."
"आम्ही खिंडीत बसलोय. तुम्ही कुठे? ओव्हर."
"झाडीतून वर येतोय. एकाचा पाय मुरगळलाय, चालू शकतो. थांबा. ओव्हर."
"पाय मुरगळलाय, चालतोय, आम्ही खिंडीत थांबतो. आऊट."

शेवटच्या ओळीत ऐकलेलं परत म्हटलंय ते बघा. ते करायचंच. "ओव्हर" म्हणजे आता तू बोल, "आऊट" म्हणजे संपलं. सिनेमातलं "ओव्हर अँड आऊट" सोडून द्या, उत्तर हवंय की नको ते तरी ठरवा! एका वेळी एकच जण बोलू शकतो. तुमचं बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला काहीही ऐकू येत नाही, समोरचा कितीही बोंबलला तरी.

नावं एकमेकांसारखी नकोत. लीड आणि मिड खरखरीत एकच वाटतात. पुढचा, मधला, शेवट बरे. नुसतं "हो" हमखास गिळलं जातं, "बरोबर आहे" म्हणा. आकडे सुटे सांगा. एकोणसाठ की एकोणसत्तर यावर आमच्यात भर पावसात वाद झालाय; "पाच नऊ" म्हटलं की प्रश्न मिटला.

भटकभवानी

तारयंत्र, टेकडीवाला, दोघांचेही मनापासून आभार. पुस्तिका काढल्या. जुन्यांत पाचवा ७९.७, नव्यांत ७७.०, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. आणि त्या आगाऊ सेटचा कोड खरंच बंद होता. आता सगळे ० वर आणलेत. वेताळ टेकडीवर सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू आलं.

पण ५ किलोमीटरचं काय? आणि जास्त वॅटचे, लांब अँटेनाचे सेट ऑनलाईन याच्यापेक्षा स्वस्त दिसतात. ते घेऊ का?

कायदेपंडित

घेऊ नका. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनुसार विनापरवाना वॉकीटॉकीला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी मोकळी आहे, आणि त्या सेटलाही उपकरण मान्यता, म्हणजे ईटीए, लागते. बाहेरच्या पट्टीवर चालणाऱ्या सेटला परवाना हवा. दुकानदार हे सांगत नाहीत. म्हणूनच मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स संकेतस्थळांना नोटिसा काढल्या. खरेदी करताना पट्टी आणि ईटीए दोन्ही लिहिलेलं आहे का ते बघा.

हौस असेल तर हॅम रेडिओची, म्हणजे परवाना घेऊन चालवायच्या हौशी रेडिओची, परीक्षा द्या, बारा वर्षांच्या मुलालाही देता येते. पण मग बोलणाऱ्या दोन्ही टोकांना परवाना हवा. अख्ख्या ट्रेकसाठी तो मार्ग नव्हे.

तारयंत्र

शिवाय वॅट वाढवून तुमचा डोंगर हलणार नाही. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. खोक्यावरचे ५ किलोमीटर म्हणजे मध्ये काहीही नसताना, एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर. नजर पोचली तर अर्धा वॅट भरपूर होतो. मध्ये काळ्या कातळाची सोंड आली तर पाच वॅटही आपटतात. ओल्या झाडीतही बराच जीव जातो.

उपाय माणसाचा आहे. तिसरा सेट मधल्याकडे द्या. जिथून खालची चढण आणि वरची वाट दोन्ही उघडी दिसतात अशा जागी तो थांबेल आणि निरोप पुढे सांगेल. निरोप शब्दशः सांगायचा, स्वतःची भर घालायची नाही. शेवटचा माणूस त्याच्याजवळ आला की मगच त्याने जागा सोडायची. यासाठी जरा धीराचा माणूस निवडा, एकट्याने बसावं लागतं.

बाकी बारीकसारीक: सेट कमरेला लावून बोलू नका, आपलंच शरीर लहरी अडवतं. हातात उंच धरा. आवाज तुटत असेल तर जागच्या जागी अर्धा पाऊल सरका. या लहरीची लांबी ६७ सेंटिमीटरच्या आसपास असते, कातळावरून परतलेल्या लहरी मिसळून मेलेल्या जागा तयार होतात, त्या तेवढ्याने सुटतात. आणि वेळा ठरवा. दर तासाला ठोक्याला सगळ्यांनी सेट कानाशी धरून थांबायचं, उघड्या जागी.

भटकभवानी

मधल्या माणसाची कल्पना सिंहगडाच्या वाटेवर करून बघितली, झकास चालली. एक नवीनच भानगड मात्र निघाली. माथ्यावर वारा सुटला की चॅनेल अडतो. सगळ्यांचे हिरवे दिवे लागलेले, नुसतं घूं घूं ऐकू येतं, आणि कोणाला बोलताच येत नाही. कोणीच बटण दाबलेलं नसतं!

टेकडीवाला

कोणाच्या तरी सेटवर व्हॉक्स चालू आहे. त्यात बटण न दाबता आवाजावर सेट आपोआप बोलू लागतो. मोटारसायकलवर हेल्मेटमध्ये ठीक आहे, कड्यावरच्या वाऱ्यात नाही. वाऱ्यालाच तो माणूस समजतो. कोणाचा ते शोधायला एकेक सेट बंद करत जा, ज्याचा बंद केल्यावर बाकीचे दिवे विझतील तो. सगळ्यांच्या मेनूत जाऊन व्हॉक्स बंद करा आणि कळफलक लॉक करा, म्हणजे सॅकमध्ये चॅनेल बदलणार नाही.

व्हॉक्स कुठेच नसेल तर कोणाच्या तरी सॅकच्या पट्ट्याखाली बोलायचं बटण दाबलं जातंय. काही सेट एका मिनिटाने आपोआप बोलणं तोडतात, तुमच्यात ती सोय असेल तर चालू ठेवा.

भटकभवानी

व्हॉक्सच! त्याच आगाऊ सेटवर. तो आता घाटवाट यांना भेट म्हणून पाठवावा म्हणते.

घाटवाट

शिट्टीबरोबर पाठवा. एक कामाचं सांगतो: ऐकण्यापेक्षा बोलायला बॅटरी कितीतरी जास्त लागते. बॅटरी मरायला आली की सेट ऐकतो छान, पण बटण दाबलं की विझतो. असं व्हायला लागलं तर मधल्याला आधीच कळवा. आणि शेवटच्या माणसाकडे जादा बॅटऱ्या द्या, पुढच्याकडे नको. पुढचा गडावर पोचून पिठलं-भाकरी खात बसलेला असतो.