मदत हवी: जावा ८ वरून १७ वर गेल्यापासून सोप सर्व्हिसला मधूनच टाइमआउट, तोही १२७ सेकंदांनी

जिनिंगचा_आयटीवाला

राम राम मंडळी.

आम्ही जळगावात जिनिंग आणि डाळ मिलवाल्यांसाठी छोटी सॉफ्टवेअरं करतो. सध्या धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये अडकलोय. तिथे कापसाची गाठ प्रेसमधून निघाली की काट्यावर वजन होतं आणि १०० गाठींचा लॉट पुरा झाला की आमचा जावा प्रोग्रॅम त्याची माहिती खरेदीदाराच्या सोप वेब सर्व्हिसला (एक्सएमएलमधले निरोप घेणारी त्यांची नेटवरची सेवा) पाठवतो. तिकडून लॉट नंबर आला की गेटपास छापला जातो. नंबर आला नाही तर ट्रक जागेवर उभा, ड्रायव्हर आमच्या नावाने ओरडतो.

जुनं मशीन विंडोजचं होतं, जावा ८. दिवाळीत ते गेलं. नवीन सर्व्हरवर उबुंटू २२.०४ आणि जावा १७ टाकलं. जावा ११ पासून सोप आणि एक्सएमएलचं काम करणाऱ्या जॅक्स-डब्ल्यूएस आणि जॅक्सबी या लायब्ररी जेडीकेमधून (जावाच्या मूळ संचातून) काढून टाकल्यात, त्यामुळे सुरुवातीला 'नो क्लास डेफ फाउंड' (क्लास सापडत नाही) हा एरर येणारच होता, आला. मेव्हनमधून (जावाच्या लायब्ररी उतरवून देणारं टूल) जॅक्स-डब्ल्यूएसची लायब्ररी वेगळी घेतली. तिची ४ मालिका लावली तर तिला कोडमधली पॅकेजची जुनी जॅव्हॅक्स नावं नकोत, सगळीकडे नवी जकार्ता पाहिजेत. एवढा जुना कोड कोण बदलणार? म्हणून २.३ मालिकेवर आलो, बिल्ड स्वच्छ झालं.

आता खरी अडचण. काही कॉल दोन सेकंदांत परत येतात, काही लटकतात. लटकलेल्यांचा लॉग दर वेळी सारखाच: 'कनेक्ट एक्सेप्शन: कनेक्शन टाइम्ड आउट', आणि वेळ मोजली तर १२७ सेकंद. कोडमध्ये कनेक्ट टाइमआउट (कनेक्शन जुळायची वाट) १० सेकंद आणि रिक्वेस्ट टाइमआउट (उत्तराची वाट) ३० सेकंद दिलेला आहे. १० चे ६० करून पाहिले, तरी १२७ च. समोरची मंडळी म्हणतात, आमच्याकडे सगळं ओके आहे, तुमची रिक्वेस्ट आलेलीच दिसत नाही. शेठजी म्हणतात, जुनं जावा लावा. लायब्ररीत बग आहे का? खरंच मागे जाऊ का?

खान्देशी_कोडर

काय व्हयनं भो, एवढ्यात मागे कशाला? टाइमआउट ३०० सेकंद करून बघा. सीझनमध्ये समोरचा सर्व्हर स्लो असतो.

तापीकाठ

वाढवू नका. जो आकडा लागूच होत नाहीये तो वाढवून काय उपयोग?

१२७ हा आकडा जावाचा नाही, लिनक्सचा, म्हणजे तुमच्या उबुंटूचा आहे. कनेक्शन मागणाऱ्या सिन पॅकेटला उत्तर आलं नाही तर कर्नल (लिनक्सचा गाभा) १, २, ४, ८, १६, ३२ सेकंद थांबत ते पुन्हा पुन्हा पाठवतं आणि शेवटी ६४ सेकंद वाट बघून सोडून देतं. बेरीज करा. एक्सेप्शनही तेच सांगतंय. जावाने स्वतःच्या घड्याळावर कॉल तोडला असता तर 'सॉकेट टाइमआउट एक्सेप्शन' आला असता. तुमच्याकडे 'कनेक्ट एक्सेप्शन' आहे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने हात टेकले.

तुमचे १० सेकंद का लागू नाहीत? बाइंडिंग प्रोव्हायडरच्या रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टमध्ये (कोडमध्ये कॉलच्या सेटिंग्ज देतो ती जागा) प्रॉपर्टीचं नाव बघा. जेडीके ८ च्या आतल्या जॅक्स-डब्ल्यूएसला 'कॉम.सन.एक्सएमएल.इंटर्नल.डब्ल्यूएस.कनेक्ट.टाइमआउट' लागायचं. बाहेरून घेतलेल्या लायब्ररीत मधलं 'इंटर्नल' नाही. जुनं नाव दिलं तर ती एरर देत नाही, वॉर्निंग देत नाही, गुपचूप दुर्लक्ष करते, आणि मग डिफॉल्ट म्हणजे अमर्याद थांबणं. रिक्वेस्ट टाइमआउटचंही तसंच. दोन्हींची किंमत मिलिसेकंदात आणि इंटीजरच द्या, लाँग किंवा स्ट्रिंग दिली तर कास्ट एक्सेप्शन येईल.

अजून एक जागा आहे. सर्व्हिसचा ऑब्जेक्ट बनवताना डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसच्या मेथड सांगणारी फाइल) नेटवरून वाचत असाल तर या प्रॉपर्ट्या तिथे पोचतच नाहीत, कारण ज्यावर त्या लावतो तो सर्व्हिसचा पोर्ट ऑब्जेक्ट अजून हातात आलेला नसतो. डब्ल्यूएसडीएलची प्रत प्रोग्रॅमच्या जार फाइलमध्येच ठेवा.

पण हे झालं फक्त लवकर कळण्यापुरतं. सिनला उत्तर का येत नाही ते वेगळं शोधावं लागेल. समोरच्या सर्व्हरचा नेटवर्क पोर्ट बंद असता तर लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' मिळालं असतं. इथे कोणीतरी पॅकेट गिळतंय, बहुधा समोरची फायरवॉल. काही कॉल जातात आणि काही नाही, म्हणून विचारतो: तिथे इंटरनेटच्या लाइनी किती?

जिनिंगचा_आयटीवाला

दोन! जुनी एक होतीच, ती वारंवार बंद पडते म्हणून मशीन बदललं त्याच सुमारास दुसरी घेतली. राउटर दोन्हींवर लोड वाटून देतो.

'इंटर्नल' काढलं. आता बरोबर १० सेकंदांत 'सॉकेट टाइमआउट एक्सेप्शन' येतो. मग टीसीपीडम्प (येणारीजाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावून बसलो. अडकलेल्या कॉलला तुम्ही म्हणता तसंच, सिन जातोय, परत काहीच नाही. राउटरच्या लॉगशी वेळ जुळवून बघितली तर अडकलेला प्रत्येक कॉल नव्या लाइनीवरून गेलेला. समोरच्यांच्या व्हाइटलिस्टमध्ये (परवानगी दिलेल्या पत्त्यांची यादी) फक्त जुन्या लाइनीचा स्टॅटिक आयपी (न बदलणारा नेटपत्ता) आहे.

राउटरमध्ये त्या सर्व्हरचा ट्रॅफिक जुन्या लाइनीवर बांधून टाकला, दुपारपासून एकही कॉल अडकला नाही. जुनी लाइन बंद पडली की पुन्हा वांधे, म्हणून नव्या लाइनीवरही स्टॅटिक आयपी घेऊन तो व्हाइटलिस्टमध्ये टाकायला मेल केलाय. म्हणजे जावा १७ बिचारं फुकट बदनाम झालं.

एकच शंका: टाइमआउट आला की प्रोग्रॅमने आपोआप परत पाठवावं का? काट्यावरच्या पोराला बटण दाबत बसवायचं नाहीये.

तापीकाठ

कनेक्ट टाइमआउट असेल तर बिनधास्त पाठवा, लॉटची माहिती बाहेर पडलेलीच नसते. रीड टाइमआउटला (कनेक्शन झालं पण उत्तर वेळेत आलं नाही, तुमचा रिक्वेस्ट टाइमआउट तोच) मात्र आपोआप काही करू नका. तिकडे लॉट नोंदला गेला असेल आणि फक्त उत्तर अडकलं असेल, तर परत पाठवल्यावर त्याच १०० गाठी दोनदा चढतील. लॉटची स्थिती विचारायची मेथड डब्ल्यूएसडीएलमध्ये आहे का बघा. असेल तर आधी विचारा, मगच पाठवा. नसेल तर तुमचा स्वतःचा काटापावती नंबर प्रत्येक रिक्वेस्टमध्ये घाला आणि तो दुसऱ्यांदा आला तर नाकारायला त्यांना सांगा. आयपीचा मेल केलाच आहे, त्यातच हेही लिहून टाका.