अ‍ॅक्युपंक्चरने कडक झालेल्या धमन्या मोकळ्या होतात का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, बाबांसाठी विचारतेय. चालताना पोटरीत गोळा यायचा, मग थांबून मोबाईल बघायचं नाटक करायचे, दोन मिनिटांनी दुखणं गेलं की परत चालू. डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केला तर पायाच्या धमन्यांत ब्लॉकेज, कॅल्शियम साठलंय, एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीचं गुणोत्तर) ०.७ आलाय, ०.९ च्या खाली म्हणजे रक्तपुरवठा कमी. डॉक्टरांनी रोझुव्हास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल लिहून दिलं, सिगारेट बंद करा आणि चाला म्हणाले.

आता बाबांच्या मित्राने अ‍ॅक्युपंक्चरवाल्याकडे नेलं आणि तो म्हणतो सुयांनी नळ्या साफ होतात, गोळ्या हळूहळू सोडा. बाबा तर खूशच, गोळ्यांचा कंटाळा होताच, आता बसल्या बसल्या मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मधे, अंगठ्याने दाबत असतात, म्हणे हा हार्टचा पॉइंट. कुणाला खरंच फरक पडलाय का? आणि सुया टोचून घ्यायला काही धोका?

प्रतिसाद १:
ताई, गोळ्या अजिबात सोडू देऊ नका, बाकी सगळं नंतर. साठलेलं कॅल्शियम सुईने विरघळत नाही, खरं सांगायचं तर स्टॅटिननेही विरघळत नाही, स्टॅटिन प्लाक (धमनीत साठलेला चरबीचा थर) फुटू नये म्हणून असतं आणि क्लोपिडोग्रेल गुठळी होऊ नये म्हणून. अ‍ॅक्युपंक्चर अगदीच थोतांड म्हणणार नाही मी, २०१९ साली चीनमधे अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) ४०४ पेशंटवरचा अभ्यास आला होता, नेहमीच्या औषधांच्या जोडीला सुया दिल्या तर छातीत दुखण्याचे अटॅक कमी झाले. पण ते दुखण्याबद्दल होतं, ब्लॉकेज कमी झालं असं नाही, आणि औषधं कुणाचीच बंद केली नव्हती.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. क्लोपिडोग्रेल चालू असताना रक्त लवकर थांबत नाही हे त्या माणसाला आधीच सांगा. आणि पावलात सुया नकोतच!! रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाची बारीकशी जखम पण चिघळू शकते, डायबेटिस असेल तर जास्तच. खरा उपाय कंटाळवाणा आहे, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, असं अर्धा पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, साधारण १२ आठवडे. फरक बघायचा तर न थांबता किती चालले ते लिहून ठेवा. झोपेत पाय दुखायला लागला, किंवा एकदम गार, पांढरा पडला तर मात्र तडक हॉस्पिटल.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. पावलाचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं आणि पुढच्या सिटिंगला तिथेच टोचणार होता तो! ते कॅन्सल करतेय. मनगट दाबू देत हवं तर, त्याने काही बिघडत नाही ना?

प्रतिसाद २:
खुशाल दाबू देत, गोळी घेतल्यावर.