मदत हवी आहे: वडिलांची रात्रीची लघवी पाण्यासारखी, ग्रॅव्हिटी १.०१०, क्रिएटिनिन मात्र 'रेंजमध्ये'. किडनीचं काही असेल का?

तासगावची लेक

नमस्कार मंडळी. जाणकारांचं मत हवंय, जरा सविस्तर लिहिते.

आबा ६१ वर्षांचे. तासगावजवळ घर, द्राक्षबाग अजून स्वतःच बघतात. मी पुण्यात असते. गेलं वर्षभर ते रात्री तीन-चारदा लघवीला उठतात. जळजळ नाही, जोर करावा लागत नाही, ताप नाही. लघवी भरपूर होते आणि अगदी पाण्यासारखी, सकाळी उठल्यावरसुद्धा. आईच्या हे आधी लक्षात आलं. तिचं म्हणणं, "सगळ्यांची सकाळची पिवळी असते, ह्यांची कशी नाही?"

प्रोस्टेट असेल म्हणून सोनोग्राफी केली. प्रोस्टेट २४ ग्रॅम, लघवीनंतर मूत्राशयात काही उरत नाही. उजवी किडनी ८.४ सेंमी, डावी ९.१, आणि खाली 'ग्रेड १ रीनल पॅरेंकायमल चेंजेस' (किडनीच्या मुख्य भागात थोडे बदल) असं लिहिलंय. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) १.४ (लॅबची रेंज ०.७ ते १.४). एचबीए१सी ५.६, म्हणजे साखर नाही. लघवीत प्रोटीन निल, साखर निल, पस सेल्स २-३, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१०. बीपीची एक गोळी चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळीही घेतात.

डॉक्टर म्हणाले, सगळं रेंजमध्ये आहे, संध्याकाळी पाणी कमी करा. आबांनी ते फारच मनावर घेतलंय. दुपारी चारनंतर पाण्याला हात लावत नाहीत. सध्या खरड छाटणी चालू आहे, ऊन कसलं आहे ते सांगलीकरांना सांगायला नको. रात्रीचं उठणं काही कमी झालं नाही. उलट जीभ कोरडी पडते आणि सकाळी उठताना गरगरतं. चुलतकाकांचं मत वेगळंच: लघवी पांढरीशुभ्र म्हणजे किडनी एकदम साफ! तरी खडा असेल तर पडावा म्हणून त्यांनी पानफुटीचा काढा सुरू करून दिलाय. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, हे त्यांनाच माहीत.

१.०१० म्हणजे नक्की काय? पाणी तोडणं बरोबर आहे का? आणि दाखवायचं कुणाला, युरॉलॉजिस्ट की नेफ्रॉलॉजिस्ट?

खमंग भडंग

आमच्या वडिलांनाही रात्री उठावं लागायचं. संध्याकाळचा चहा बंद केला, फरक पडला. साधं काही असेल, घाबरू नका.

मिरज जंक्शन

मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. तेवढ्यापुरतंच सांगतो.

स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणजे लघवीत किती माल विरघळलेला आहे त्याचा अंदाज. साधारण १.००३ ते १.०३० एवढी ती बदलू शकते. घडाभर पाणी प्यायलात तर खाली जाते, रात्रभर काही प्यायलं नाही तर वर. म्हणून रिपोर्टात १.०१० ला कुणी लाल खूण करत नाही. दुपारी बाटलीभर पाणी पिऊन आलेल्या माणसाचा तोच आकडा असतो आणि त्यात काही वावगं नसतं.

तुमचं सँपल कधीचं होतं? सकाळी उठल्याउठल्याचं असेल तर गोष्ट वेगळी. रात्रभर पाण्याशिवाय झोपलेल्या निरोगी माणसाची पहिली लघवी बहुतेक वेळा १.०२० च्या पुढे असते. आणखी एक. बहुतेक ठिकाणी हा आकडा पट्टीवर रंग बघून लावतात, तो ढोबळ असतो. शक्य असेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून घनता सांगणारं यंत्र) बघायला सांगा किंवा डॉक्टरांकडून युरिन ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या मालाची नेमकी मोजणी, लिहून घ्या. ती सगळीकडे होत नाही, सँपल बाहेर पाठवतात.

घाटमाथा

निवृत्त फिजिशियन आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस केली. पेशंट न बघता निदान करत नाही. पण पाण्याबद्दल आधी बोलतो, कारण ते आजच थांबवायला हवं.

रोज अन्नातून तयार होणारा युरिया, मीठ वगैरे मिळून अंदाजे ६०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) माल किडनीला बाहेर टाकावाच लागतो. तरुण, धडधाकट किडनी लघवी लिटरला १२०० पर्यंत घट्ट करू शकते, म्हणजे तिला त्यासाठी अर्धा लिटर पाणी पुरतं. ज्या किडनीला ३०० च्या पुढे जाता येत नाही, तिला त्याच कामाला दोन लिटर लागतात. ३०० म्हणजे साधारण रक्ताएवढीच घनता आणि पट्टीवर ती १.०१० च्या आसपास दिसते. अशा माणसाचं पाणी तोडलं तरी लघवी थांबत नाही, ती अंगातलं पाणी ओढून होत राहते. जीभ कोरडी पडणं, गरगरणं त्यातूनच येत असेल. तहान लागेल तेव्हा त्यांना पिऊ द्या. आणि 'पाणी बंद ठेवून तपासणी' असं कुठे वाचलंत तर घरी अजिबात करू नका.

दुसरं क्रिएटिनिन. १.४ रेंजमध्ये आहे हे कागदावर खरं. पण ६१ वर्षांच्या पुरुषाला तेच १.४ धरून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढला तर साधारण ५७ येतो. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा जुनाट आजार, म्हणतात. किडनीचं बरंच काम गेलं तरी क्रिएटिनिन फारसं हलत नाही, अंगाने बारीक माणसात तर आणखीच फसवतं.

मला विचाराल तर खरा प्रश्न दुखण्याच्या गोळीचा आहे. कोणती, किती वर्षं? बीपीची कोणती? तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे का? पाय सुजतात का?

कराडचा पाहुणा

काकांच्या 'पांढरी म्हणजे साफ' बद्दल. आमच्याकडे गुऱ्हाळ आहे म्हणून तसंच सांगतो. रस आटलाच नाही तर काहिलीतून गूळ कसा निघेल? विस्तवच मंद पडला तर जसा घातला तसाच पातळ रस परत मिळतो. पातळ लघवी बघून खूश व्हायचं कारण नाही, ती रात्रीसुद्धा आटत नाहीये हाच मुद्दा आहे.

तासगावची लेक

सगळ्यांचे आभार. आईला फोन करून माहिती घेतली.

सँपल सकाळचंच होतं, पहिलं. बीपीला अम्लोडिपिन ५, त्यात दुसरं काही नाही. पाय सुजत नाहीत. दुखण्याची गोळी डायक्लोफेनॅक, कधी ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र. सात-आठ वर्षं तरी. छाटणीच्या दिवसांत रोज, कधी दोनदा. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी कोण मागतंय!

दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट कपाटात सापडला. तेव्हा क्रिएटिनिन १.१ होतं.

पाणी पुन्हा सुरू केलंय. आबा म्हणाले, "मग इतके दिवस मला तहानलेलं का ठेवलंत?"

घाटमाथा

१.१ चा ईजीएफआर त्या वयाला ७७ च्या आसपास. दोन वर्षांत ७७ वरून ५७. दोन्ही आकडे 'रेंजमध्ये', आणि कागद शेजारी ठेवले की घसरण दिसते. हे दोन्ही रिपोर्ट नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या आजारांच्या फिजिशियनकडे, न्या. युरॉलॉजिस्ट म्हणजे खडा, प्रोस्टेट, अडथळा यांचा सर्जन. सोनोग्राफीत त्यातलं काही दिसलेलं नाही.

डायक्लोफेनॅक आजपासून बंद. ही औषधं किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. वर्षानुवर्षं घेतली तर नलिका आणि त्यांच्या भोवतीचा भाग खराब होऊ शकतो. लघवी घट्ट करण्याचं काम तिथेच, किडनीच्या आतल्या खारट भागात चालतं. म्हणून अशा आजारात रात्रीची भरपूर, फिकट लघवी ही सुरुवातीची खूण असते आणि प्रोटीन बराच काळ निल किंवा अगदी थोडं येतं. 'प्रोटीन नाही म्हणजे किडनी ठीक' हे इथे चालत नाही.

तरी एक शंका मनात ठेवतो. ईजीएफआर ५७ असताना सकाळची ग्रॅव्हिटी इतकी खाली येणं जरा जास्त वाटतं. सहसा असं १.०१० ला अडकणं पुढच्या टप्प्यात दिसतं. एका पट्टीवर विसंबू नका, पुन्हा करा. रक्तातलं कॅल्शियम आणि पोटॅशियम बघा. कॅल्शियम वाढलं किंवा पोटॅशियम कमी झालं तरी लघवी पातळ होते आणि ते दुरुस्त करता येतं. मानसिक आजारासाठी लिथियम कधी चालू होतं का, तेही विचारा. काढाही बंद करा. तो किडनीला काय करतो यावर वाद नको, पण तपासणीच्या काळात यादी जितकी छोटी तितकी बरी.

मिरज जंक्शन

लघवी मोजायचं कुणी सांगितलं नाही अजून. मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणा, दोन-तीन दिवस प्रत्येक वेळची वेळ आणि मिली लिहा. रात्रीत सकाळची पहिली धरायची. डॉक्टरला या वहीचा फार उपयोग होतो. प्रोस्टेटवाल्याचं थोडं थोडं असतं, ५०-१०० मिली. घट्ट होत नसेल तर प्रत्येक वेळी भरपूर असतं.

तासगावची लेक

मोजलं. आबांनी आधी "आता हेच राहिलं होतं" केलं, मग द्राक्षाच्या फवारणीच्या वहीत मागच्या पानावर व्यवस्थित नोंदी केल्या, तारखेसकट. चोवीस तासांत साधारण २.६ लिटर, त्यातली १.२ लिटर रात्रीची. एका वेळी ३०० मिलीच्या आसपास. दुसऱ्या लॅबमध्ये सकाळच्या सँपलची ग्रॅव्हिटी रिफ्रॅक्टोमीटरवर १.०११ आली. कॅल्शियम, पोटॅशियम नॉर्मल. लिथियम कधीच नव्हतं.

घाटमाथा

या वयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या आत असावा. इथे तो जवळपास निम्मा आहे आणि तोही पातळ. आता उशीर करू नका. उलटी-जुलाब झाले तर मात्र ही अपॉइंटमेंटची वाट बघायची गोष्ट नाही. पाणी धरून ठेवता न येणारी किडनी अशा वेळी एका दिवसात आणखी बिघडते. लगेच सलाईन लावता येईल अशा दवाखान्यात न्या.

खमंग भडंग

माझा चहाचा सल्ला मागे घेतो :) सिव्हिलला किंवा मिरजेच्या मेडिकल कॉलेजात आधी चौकशी करून जा. नेफ्रॉलॉजीची ओपीडी रोज असेलच असं नाही.

तासगावची लेक

मिरजेत एका नेफ्रॉलॉजिस्टची पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे, मी त्यासाठी येतेय. दोनच शंका. गुडघ्यांना तोवर काय द्यायचं? आणि सकाळचं सँपल तासगावहून मिरजेपर्यंत चालेल का?

मिरज जंक्शन

दोन तासांत पोचत असेल तर चालेल. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, एवढंच.

घाटमाथा

साधं पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मापात. शेक द्या. लावायचं जेलही त्यांना विचारूनच, त्यातही बहुधा डायक्लोफेनॅकच असतं. आणि घरात असतील तेवढी सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामीसुद्धा.