मदत हवी आहे: गाडीच्या खिडकीतून प्राण्यांचे फोटो काढताना कॅमेरा स्थिर कसा ठेवायचा?

माळरानी

नमस्कार मंडळी,

सुट्टीच्या दिवशी पहाटे पुण्याहून निघायचं आणि सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायचे, हा आमच्या घरचा आवडता कार्यक्रम आहे. अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे, पण स्वतःची गाडी आत नेता येते आणि चिंकारा गाडीला फारसे बुजत नाहीत. दार उघडून पाय खाली टेकवला की मात्र पळालेच म्हणून समजा. त्यामुळे जे काही टिपायचं ते खिडकीतूनच.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे लहान सेन्सरचा). लेन्स १५०-६०० एमएमची झूम. दोन्ही मिळून पावणेतीन किलोच्या आसपास जातात. गाडी लहान हॅचबॅक. नवरा चालवतो, मी मागे डावीकडे बसते आणि शेजारी मुलगी. काच अर्धी खाली करून तिच्या कडेवर लेन्स टेकवते. ६०० एमएम, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/६.३, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० ते ८००. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी संगणकावर मोठा करून पाहिला की डोळ्याभोवतीचे केस एकमेकांत मिसळलेले.

ट्रायपॉडचे पाय गाडीत पसरायचे तर मुलीला डिकीत बसवावं लागेल. तेव्हा प्रश्न असे: बीनबॅग (लेन्स टेकवायची भरलेली पिशवी) घ्यावी की खिडकीच्या काचेला अडकवायचा क्लॅम्प? बीनबॅगेत नेमकं काय भरतात? विकतच्या बॅगांच्या किमती बघता शिंप्याकडून शिवून घेतली तर चालेल का? आणि लेन्समधली थरथर सावरणारी यंत्रणा चालू ठेवायची की बंद (लेन्सवरचं ओएसचं बटण)?

फोकसकाका

माळरानीताई, काचेच्या कडेवर लेन्स टेकवू नका. एक तर ती कड अरुंद आणि गुळगुळीत, लेन्स तिच्यावर डोलत राहते. दुसरं म्हणजे अर्धी वर असलेली काच स्वतःच खाचेत थरथरते. इंजिन चालू असेल तर बोट लावून बघा, मुंग्या येतील.

६०० एमएमला थोडंसं हलणं म्हणजे किती, हे एकदा आकड्यात बघा. केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर. मागचं टोक जागच्या जागी राहून तुमच्या लेन्सचं पुढचं टोक तेवढंच सरकलं, आणि दोन टोकांत ३० सेंटिमीटर अंतर धरलं, तर २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर चित्र ३५ पिक्सेलच्या आसपास सरकतं. ५० मीटरवर उभ्या चिंकाऱ्याच्या अंगावर मोजलं तर एक सेंटिमीटरहून जास्त. हे सगळं शटर उघडं असतानाच घडेल असं नाही, पण केस का मिसळतात ते यावरून कळेल.

१/५०० कमी पडतं. जुना ठोकताळा असा की शटर १ भागिले फोकल लांबी (लेन्सचा एमएममधला आकडा). क्रॉप सेन्सरला त्याची दीडपट धरायची, म्हणजे ६०० ला १/९००. मी १/१००० च्या खाली जात नाही, पळत्या प्राण्याला १/२०००. आयएसओ १६०० झाला तरी चालेल. आयएसओ वाढवल्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही.

बीनबॅगच घ्या. काच पूर्ण खाली करायची आणि बॅग दाराच्या चौकटीवर घोड्यावरच्या खोगिरासारखी टाकायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. आणि इंजिन बंद. एसीसाठी चालू ठेवलेलं इंजिन बॅगेतूनही जाणवतं.

खाटीक

काकांशी थोडा असहमत. क्लॅम्प इतका टाकाऊ नाही. मी व्हिडिओ काढतो. नीलपंख तारेवर बसून दहा मिनिटं हलत नाही, तेव्हा क्लॅम्पवर छोटं फ्लुइड हेड (कॅमेरा धक्क्याविना फिरवणारं डोकं) लावून हात मोकळे ठेवता येतात. बीनबॅगेवर कॅमेरा सोडून देता येत नाही, हात काढला की तो मान टाकतो.

पण तुमच्या लेन्सचं वजन बघता मीही बॅगच सुचवेन. क्लॅम्प काचेला धरतो, काच उचलणारी यंत्रणा एवढं वजन पेलायला बनवलेली नसते. वापरलाच तर काच चौकटीच्या वर चार बोटंच ठेवा. आणि प्राणी गाडीच्या मागच्या बाजूला गेला की क्लॅम्पवाला तिथल्या तिथे अडकतो.

देशावरचा

ताई, मी त्याच पट्ट्यातला. शिंप्याकडून शिवून घ्याच, विकतची कशाला!

आतली पिशवी मांजरपाटाची, दाट विणीची. बाहेरची जुन्या जीन्सच्या पायाची. जीन्सला पकड असते. रेक्झिन किंवा छत्रीचं कापड घेऊ नका, लेन्स घसरते. एकच लांब थैली नको. दोन कप्पे करा, मध्ये चार-पाच इंचांची नुसत्या कापडाची पट्टी ठेवा. पट्टी चौकटीवर येते, एक कप्पा बाहेर लोंबतो, एक आत. वर टेकायला आणखी एक छोटी उशी. आमच्या शिंप्याला आधी बैलाची झूल वाटली, मग कागदावर काढून दिल्यावर समजलं.

भरायला ज्वारी. दाणा गोल, वाहता, लेन्सभोवती बरोबर बसतो. तांदूळही चालतो, पण पावसाळ्यात दमट होऊन किडे पडतात. हरभरा मोठा असल्याने मध्ये पोकळी राहते. वाळू मुळीच नको, शिवण उसवली की कॅमेऱ्यात जाते. घरातल्या बसायच्या बीनबॅगेतले थर्माकोलचे दाणे फार हलके, लेन्स टेकवली की दबून चपटे होतात. गाडीतून नेताना वजनाचं काय एवढं, तीन-चार किलो होऊ द्या. पण गच्च भरू नका. दोन तृतीयांश पुरे, नाहीतर पिशवी दगड होते आणि लेन्सला खोबण मिळत नाही.

आणखी एक, तुम्ही करत नसाल, पण धागा बाकीचेही वाचतील म्हणून लिहितो. चांगल्या कोनासाठी गाडी वाटेवरून गवतात घालू नये. टिटवी, धाविक, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असतात. चाकाखाली गेली तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. आमच्याकडे हौशी लोकांच्या गाड्यांनी माळावर पाडलेल्या चाकोऱ्या वर्षानुवर्षं दिसतात.

माळरानी

सगळ्यांचे आभार! जीन्स सापडली, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

एक अडचण. मागची काच पूर्ण खाली जातच नाही, चार-पाच इंच वर राहते. मग बॅग कशी टाकायची? आणि लेन्सचा पाय (ट्रायपॉडला लावायचा) बॅगेत रुततो, तो काढून टाकू का?

फोकसकाका

बऱ्याच हॅचबॅकच्या मागच्या दारात चाकाची कमान आड येते, म्हणून काच पूर्ण उतरत नाही. तुम्ही पुढे डावीकडे बसा, मुलीला मागे पाठवा. पुढची काच पूर्ण उतरते. शिवाय पुढची सीट मागे सरकवून दाराकडे अर्धं वळून बसता येतं. मागेच बसायचं झालं तर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाईप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो उभा चिरून काचेच्या कडेवर चढवा आणि त्यावर बॅग. पण ती तडजोडच.

लेन्सचा पाय काढायची गरज नाही. कॉलर (पाय जिला जोडलेला असतो ती लेन्सभोवतीची कडी) सैल करून पाय वर फिरवा, म्हणजे नळीचा गोल भाग बॅगेवर बसेल. झूम केल्यावर जो भाग बाहेर येतो तो बॅगेवर टेकवू नका, जाड भागच टेकवा. फोकसची रिंग बॅगेत दबत नाही ना तेही बघा. काही लेन्समध्ये ऑटोफोकस चालू असतानाही रिंग फिरली की फोकस हलतो, आणि आपण दोष देतो थरथरीला.

हाताची पद्धत सगळ्यात महत्त्वाची. डावा हात लेन्सखाली नको. तळवा लेन्सच्या वर, बॅगेच्या बरोबर वरच्या जागी ठेवून हलकेच खाली दाबायचं. डोळा आयकपला (कॅमेऱ्यात बघायच्या जागेभोवतीच्या रबराला) घट्ट. बटण टोचायचं नाही, बोट ठेवून दाबत न्यायचं. तीन-चार फोटोंचा बर्स्ट (बटण दाबून धरून लागोपाठ फोटो) काढा. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, पुढचे बहुधा बरे येतात. आणि गाडीतल्या इतरांनी त्या वेळी चिवड्याची पुडी शोधू नये. गाडी स्प्रिंगांवर उभी असते, मागे कुणी कूस बदलली की ६०० एमएमला भूकंप होतो.

ओएस: बॅगेवर मी चालूच ठेवतो, कारण बॅग काही ट्रायपॉडइतकी घट्ट नसते. पहिला मोड. दुसरा मोड पळत्या प्राण्याबरोबर लेन्स फिरवताना. १/२००० ला तसाही त्याचा फार उपयोग उरत नाही, फक्त कॅमेऱ्यात बघताना चित्र शांत दिसतं.

जोबर्गकर

इथे दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्वतःची गाडी चालवत फिरता येतं, त्यामुळे हा आमचा रोजचा विषय. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, इतकंच काय, खिडकीबाहेर अंगाचा कुठलाही भाग काढायचा नाही असा नियम आहे. म्हणून बॅगेचा आतला कप्पा मोठा ठेवून कॅमेऱ्यासकट सगळं आत राहील असं बसावं लागतं. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना सांगतो, बॅग रिकामी घेऊन या. तांदूळ इथे घेऊन भरू. परत जाताना तो शिजवून संपवतो.

एक युक्ती: गाडी प्राण्यासमोर आडवी नेऊन मग थांबू नका. थोडं आधीच, तिरकी थांबवा, म्हणजे प्राणी चालत खिडकीच्या समोर येतो. थांबल्या थांबल्या इंजिन बंद केलं की कधीकधी प्राणी दचकून मान वर करतो. मग कॅमेरा न उचलता मिनिटभर नुसतं बसायचं. तो पुन्हा चरायला लागतो.

माळरानी

बॅग तयार झाली आणि वापरूनही पाहिली. पुढची सीट, इंजिन बंद, १/१२५०, एफ/८. सकाळी सव्वासातच्या सुमाराचे फोटो असे आलेत की पापण्या मोजाव्यात. मनापासून आभार!

पण साडेनऊनंतरचे सगळे पुन्हा मऊ. तीच बॅग, तेच शटर. उलट उजेड जास्त होता. चिंकाऱ्यांचा एक कळप दीडशे मीटरवर बाभळीखाली होता, त्याचा एकही धड नाही. बॅग ढिली झाली असेल का?

फोकसकाका

एकाच बर्स्टमधले लागोपाठचे फोटो शेजारी ठेवून १०० टक्क्यांवर बघा. कॅमेरा हलला असेल तर सगळं एकाच दिशेला ओढलेलं दिसतं, गवताची पाती, शिंगं, दगड, सगळ्याला सारखी दुहेरी कड. तसं आहे का? की एका फोटोत शिंग वाकडं आणि पाय बरे, पुढच्यात पाय लिबलिबीत आणि शिंग बरं?

माळरानी

दुसरं! एकात तर शिंग चक्क नागमोडी आहे. मला वाटलं लेन्स बिघडली.

फोकसकाका

लेन्स ठणठणीत आहे. ही उन्हाची झळ. जमीन तापली की तिच्यालगतची गरम हवा वर उठते, थंड हवा खाली येते, आणि दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वळतो. रस्त्यावर मृगजळ दिसतं त्यामागेही जमिनीलगतची तापलेली हवाच. माळरानावर सावली नाही, त्यामुळे हिवाळ्यातही ऊन वर आलं की सुरू होते. बीनबॅग, क्लॅम्प, ट्रायपॉड, महागडी लेन्स, कशानेही ती जात नाही. जितकी जास्त हवा मध्ये, तितका फोटो मऊ. म्हणून दीडशे मीटरचा कळप सोडून द्या, वीस-तीस मीटरवर काही असेल तर बघा.

याला दोन जागा घरच्याच आहेत. एक, बॉनेट. गाडी चालवून नुकतीच थांबवलेली असते, त्यावरून गरम हवा उठते. पुढच्या बाजूचा फोटो बॉनेटच्या वरून काढू नका, गाडी वळवून खिडकी त्या दिशेला आणा. दोन, खिडकी स्वतः. आत एसीची गार हवा, बाहेर गरम, आणि दोन्ही लेन्सच्या तोंडाशीच मिसळतात. हिवाळ्यात पहाटे हीटर लावून जाणाऱ्यांचं याच्या उलट होतं. पोचण्याआधी दहा मिनिटं एसी किंवा हीटर बंद करून काचा खाली करा.

खाटीक

झळ असताना मी फोटोचा नाद सोडून लांडोरी, तित्तिर वगैरे नुसते दुर्बिणीतून बघतो. किंवा चंडोल. तो गाडीपासून दहा फुटांवर दगडावर बसून गातो आणि लोक त्याच्या डोक्यावरून लांबच्या चिंकाऱ्याला नेम धरून बसलेले असतात.

माळरानी

आता कळलं. पुढच्या वेळी साडेसहाला फाटकाशी आणि नऊ वाजले की कॅमेरा परत पिशवीत. चंडोलाचा सल्लाही घेतला.

देशावरचा, शेवटचं एक. शिंपी दुसरी बॅग शिवतोय (बहिणीला हवी आहे), चेन वरच्या उशीला मध्ये लावू की कडेला विचारतोय.

देशावरचा

कडेला, खालच्या अंगाला. आणि प्लॅस्टिकची लावायला सांगा, धातूची चेन लेन्सला ओरखडे पाडते. चेनवर कापडाची झाकपट्टी ठेवा म्हणजे दाणे दातांत अडकणार नाहीत. आतल्या पिशवीला चेन नको, ज्वारी भरून तोंड हातानेच शिवून टाका. भरायच्या आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा.