मुलीला ऑफिसला पाठवायचा ईमेल लिहायला कसं शिकवू?

फोंड्याची आई:
नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे, शाळेच्या प्रोजेक्टसाठी पणजीला पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे ना, तिथे मेल करून विचारायचंय की जुनी मराठी वर्तमानपत्रं बघायला मिळतील का. तिने लिहिलं ते व्हॉट्सॲपसारखं, "हाय सर, प्रोजेक्टला माहिती हवी, प्लीज लवकर पाठवा", विषयाची जागा कोरीच. मग मी म्हटलं शाळेत पत्र शिकलीस तसं लिही, तर वर घरचा पत्ता, तारीख, प्रति, मायना असं पानभर झालं आणि नेमकं काय पाहिजे ते शेवटच्या ओळीत. मी लिहून दिलं तर पाच मिनिटांचं काम, पण तिला स्वतःला यायला हवं असं फार वाटतं. कुठून सुरुवात करू?

साखळीचा मास्तर:
ताई, लिहून दिलं नाहीत ते बरं केलंत. मी आधी मुलांना लिहायला देतच नाही. समोर उभं करतो, मी काउंटरवरचा माणूस, तू आत आलीस, आता बोल. मूल आपसूक बोलतं, सर मी अमक्या शाळेतली, मला हे बघायचंय, कधी येऊ? तेच कागदावर उतरवलं की मेल होतच आला. पत्ता-तारीख नको, तारीख मेलवर आपोआप पडते. "प्रोजेक्टबद्दल" हा विषय नव्हे, त्यावरून समोरच्याला काहीच कळत नाही. आणि ज्याला पाठवायचा त्याचा ईमेल पत्ता सगळ्यात शेवटी भरायला शिकवा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जात नाही. मेलची प्रत आणखी कुणाला जावी म्हणून ज्या सीसीच्या जागेत त्याचा पत्ता घालतात, ती सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये कार्बन घालून प्रत काढायचे ती. मी वर्गात खरा कार्बन पेपर नेतो, एकदा हाताला निळा रंग लागला की मुलं सीसी विसरत नाहीत.

पणजीची नेहा:
आमच्या ऑफिसचा इनबॉक्स रोज मीच उघडते म्हणून सांगते. मुलांचे मेल येतात त्यात बहुतेकदा नाव असतं पण शाळा नसते, किंवा फोटो जोडलाय म्हणतात आणि जोडलेलाच नसतो. खूप वाईट वाटतं, कारण उत्तर द्यायची इच्छा असते. मुलीचा मोबाइल नंबर मात्र घालू नका, तुम्हालाच सीसीत ठेवा. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची वेळ 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आजच वाढवा.

पेडणेकर:
एक राहिलं, भाषा. इंग्लिशमध्येच लिहायला पाहिजे असं मुलांच्या डोक्यात बसलंय आणि त्या भीतीनेच ती कुठून तरी कॉपी करतात. गोव्याच्या 1987च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते. तिला ज्या भाषेत सुचतं त्यात लिहू दे. नाव माहीत नसेल तर "माननीय ग्रंथपाल" पुरे, सर की मॅडम हा प्रश्नच येत नाही.

फोंड्याची आई:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवणानंतर मी काउंटरवर बसले, ती दारातून आत आली, तीनदा केलं. तिसऱ्यांदा तिनेच मला विचारलं, "आई, त्यांना नक्की कुठली वर्षं शोधायची ते मी सांगितलंच नाही ना?" मग हा लिहिला:

विषय: 1961 सालची मराठी वर्तमानपत्रं बघण्याबाबत
माननीय ग्रंथपाल,
मी फोंड्याला आठवीत शिकते. गोवा मुक्तीवर प्रोजेक्ट करतेय, त्यासाठी डिसेंबर 1961ची मराठी वर्तमानपत्रं बघायची आहेत. ती तुमच्याकडे आहेत का आणि शनिवारी आईबरोबर आले तर बघायला मिळतील का, कृपया कळवावं. आईला सीसीत ठेवलं आहे.
आपली,

खाली नाव आणि शाळा आहे, ते इथे देत नाही. "आपली विश्वासू" मधलं विश्वासू तिने काढलं, म्हणते त्यांची माझी ओळखच नाही. चालेल ना मास्तर?

साखळीचा मास्तर:
चालेल. पाठवू दे. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर नवीन मेल नको, ह्याच मेलखाली दोन ओळी लिहून परत विचारायचं, आणि तेही तिनेच.