स्पेनमधील गहाणपीडितांची चळवळ: दारात उभे राहून घर वाचते का?

पायवाट

नमस्कार. आमच्या पिंपरीच्या वसाहतीत गेल्या वर्षी एका कुटुंबाच्या घराला सील लागले. नोटिसा वेळेवर आल्या होत्या, परंतु त्या गृहस्थांनी लाजेपोटी पाकिटेच फोडली नव्हती, आणि तहसील कार्यालयाची माणसे पोलिसांना घेऊन जिना चढू लागली तेव्हाच आम्हा शेजाऱ्यांना प्रकार कळला. इतरत्र अशा वेळी लोकांनी काय केले, हे शोधताना स्पेनमधील चळवळीविषयी वाचनात आले. माणसे दारात ठिय्या देऊन ताबा घेणाऱ्यांना परत पाठवतात, एवढे समजले. पण बँक महिनाभराने पुन्हा येणारच असेल, तर एका दिवसाच्या अडवणुकीने काय साधते? जाणकारांनी विस्ताराने लिहावे.

उंबरठा

छायाचित्रांत दारातला ठिय्याच दिसतो, परंतु त्या चळवळीच्या कामात त्याचा क्रम अगदी शेवटचा आहे. आधी तिथला कायदा पाहायला हवा. स्पेनच्या नागरी संहितेच्या कलम १९११ प्रमाणे कर्जदार आपल्या आजच्या आणि पुढे मिळणाऱ्या सर्व मालमत्तेनिशी देणे लागतो. त्यात भर म्हणजे, लिलावात कोणीच बोली लावली नाही तर बँकेला ते घर मूल्यांकनाच्या निम्म्या किमतीला स्वतःकडे घेता येत असे. २०११ मध्ये ही मर्यादा ६० टक्क्यांवर नेण्यात आली. समजा, घराचे मूल्यांकन दोन लाख युरो आणि थकीत कर्ज एक लाख ऐंशी हजार आहे. २००८ नंतर बाजार कोसळल्यावर लिलावाला कोणी फिरकत नसे, त्यामुळे बँक जुन्या, निम्म्या मर्यादेप्रमाणे एक लाखात घर घेई आणि उरलेले ऐंशी हजार, व्याज व कोर्टखर्च धरून, त्या बेघर झालेल्या माणसाच्या मानगुटीवर राहत.

फेब्रुवारी २००९ मध्ये बार्सिलोनात आदा कोलाउ, आद्रिया आलेमानी आणि इतर काही जणांनी ‘प्लाताफोर्मा दे आफेक्तादोस पोर ला इपोतेका’, म्हणजे गहाणपीडितांचा मंच, स्थापन केला. लोक त्याला ‘पाह’ म्हणतात. सुरुवातीला येणाऱ्यांत इक्वेडोरसारख्या देशांतून आलेले कामगार बरेच होते. तिथल्या सभेची रीत मला फार महत्त्वाची वाटते: कोणाचेही प्रकरण बंद खोलीत एकट्याने चर्चिले जात नाही. नवा माणूस सर्वांसमोर आपली हकिकत सांगतो, आणि बँकेला अर्ज कसा लिहायचा हे त्याला वकिलापेक्षा अधिक वेळा काही आठवड्यांपूर्वी तसाच रडवेला होऊन आलेला दुसरा कर्जदार समजावतो. अर्ज ज्याचा त्यानेच लिहायचा. शाखेत जाताना मात्र सोबतीला दहा माणसे असतात. आपल्या शेजाऱ्यांनी न फोडलेली पाकिटे तिथे पहिल्याच दिवशी टेबलावर आली असती.

पहिली जप्ती रोखली गेली ती ३ नोव्हेंबर २०१० रोजी, तारागोना प्रांतातील ला बिस्बाल देल पेनेदेस या गावी. आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ताबा घेता आला नाही की न्यायालयाला नवी तारीख द्यावी लागते, आणि मधल्या दिवसांत बँकेवर वाटाघाटीचा दबाव येतो. मागणी ठरलेली असते: ‘दासिओन एन पागो’, म्हणजे घर घ्या आणि सगळे कर्ज फिटले असे लिहून द्या, आणि जमल्यास त्याच घरात परवडेल अशा भाड्याने राहू द्या.

निवृत्त रोखपाल

मी अठ्ठावीस वर्षे बँकेत काढली आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कर्ज दिले जाते ते ठेवीदारांच्या पैशातून. घर परत करून कोणालाही मोकळे होता येऊ लागले, तर किंमत पडताच ऐपत असलेले लोकही किल्ल्या आणून देतील आणि त्याचा भार प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्यांवर पडेल.

पायवाट यांच्यासाठी एक खुलासा: आपल्याकडेही उरलेले कर्ज माफ होत नाही. सरफेसी कायद्याच्या, म्हणजे गहाण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकांना देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(१०) प्रमाणे विक्रीतून न भागलेल्या रकमेसाठी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. मात्र कलम १३(२) च्या, म्हणजे थकबाकी फेडण्याची मागणी करणाऱ्या, नोटिशीनंतर ६० दिवस मिळतात, त्या काळात हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि बँकेने पुढची पावले उचलल्यास ४५ दिवसांच्या आत न्यायाधिकरणात दाद मागता येते. हरकत लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी. माझ्या अनुभवात बहुतेक घरे गेली ती या दिवसांत कोणी काहीच केले नाही म्हणून.

चार्ल्सकाठी

मी बॉस्टनला राहतो, म्हणून इथली भर घालतो. इथे ‘सिटी लाइफ / विदा उर्बाना’ ही १९७३ पासूनची भाडेकरूंची संघटना २००८ च्या सुमारास जप्तीच्या प्रकरणांत उतरली. ढाल, तलवार आणि देकार असे त्यांच्या कामाचे तीन भाग आहेत. ढाल म्हणजे कायदेशीर बचाव, ज्यात हार्वर्डचे विधी विद्यार्थी घरोघर जाऊन ‘घर सोडू नका’ असे सांगत फिरले. तलवार म्हणजे निदर्शने. देकार मला सर्वांत हुशारीचा वाटतो: एक ना-नफा वित्तसंस्था जप्त झालेले घर बँकेकडून चालू बाजारभावाने विकत घेते आणि मूळ मालकालाच परवडेल अशा नव्या कर्जावर परत विकते. जानेवारी २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘इबान्येझ’ प्रकरणात दोन जप्त्या रद्द ठरवल्या, कारण लिलाव करताना गहाणखत आपल्याच नावावर होते हे बँकांना दाखवता आले नव्हते. गहाणखते इतक्या हातांतून विकली गेली होती की कागद कोठे आहे, याचा पत्ताच नव्हता.

उंबरठा

रोखपालसाहेब, आपला मुद्दा पूर्णपणे झटकण्यासारखा नाही, परंतु स्पेनमध्ये २०१२ साली युरोपीय निधीतून बँकांच्या भांडवलासाठी सुमारे ४,१०० कोटी युरो घेतले गेले, तेव्हा ज्याचा तोटा त्यानेच सोसायचा हे तत्त्व आधीच मोडले होते. शिस्त फक्त कर्जदारालाच का, हा लोकांचा प्रश्न त्यातून आला.

संसदेत मात्र ‘पाह’ची हार झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या विधेयकाला १४,०२,८५४ सह्या मिळाल्या, तरी मे २०१३ च्या कायद्यात घर देऊन कर्ज फेडण्याचा सर्वसाधारण हक्क आला नाही. त्याच काळात त्यांनी आमदार-खासदारांच्या घरांसमोर निदर्शने केली; मला ती रीत पटली नाही, कारण लेकराबाळांच्या दारात जाऊन केलेला तगादा बँकेच्या वसुलीवाल्यांचाच कित्ता गिरवतो. यश आले ते दुसऱ्या वाटेने. बँकेच्या करारातील अन्यायकारक अटींबद्दलचा खटला कर्जदार लढत असला, तरी स्पेनच्या न्यायाधीशाला जप्ती थांबवता येत नव्हती. मोहम्मद अझीझ यांच्या प्रकरणात १४ मार्च २०१३ रोजी युरोपीय न्यायालयाने ही पद्धत युरोपीय कायद्याच्या विरुद्ध ठरवली. त्या निकालापर्यंत लोकांना घरात टिकवून धरण्याचे काम दारातल्या ठिय्यांनी केले.

पायवाट

सर्वांचे आभार. रोखपालसाहेब, आमच्या वसाहतीत आणखी दोन घरांना १३(२) ची नोटीस आल्याचे काल कळले. एकीला चाळीस दिवस झाले आहेत. मसुदा पाहून द्याल का? दोघेही रविवारी सोसायटीच्या कार्यालयात पाकिटे घेऊन यायला तयार झाले आहेत.

निवृत्त रोखपाल

जरूर. कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि नोटिशीचे पाकीटही, टपालाच्या शिक्क्यासह, आणायला सांगा. दिवस कधीपासून मोजायचे, हे त्यावरून पाहू.