धाप लागते, पण कुणाला सांगायचं? (अनुभव लिहा)

जास्वंद:
काल आमची लिफ्ट बंद होती. भाची जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबली. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात मोबाईल, वाचतेय असं दाखवत. माझ्या पोटात धस्स झालं. 2011 साली मी अशीच थांबायचे. तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता, मी पिशवीत किल्ली शोधायचे.

आधी म्हणाले वजन कमी करा. मग रक्त कमी म्हणून सहा महिने लोहाच्या गोळ्या. मग "घरात काही टेन्शन आहे का?" दरम्यान माझ्या उशाला दोनाच्या तीन उश्या झाल्या, आडवं पडलं की जीव घाबरायचा. शेवटी एका डॉक्टरांनी डाव्या काखेखाली नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाची मायट्रल झडप गळते, मॉडरेट म्हणजे मध्यम. त्यांनी विचारलं, लहानपणी घसा धरून ताप, मग सांधे सुजले होते का? तिसरीत असताना! आई निर्गुडीचा पाला बांधायची. त्या तापाने झडप तेव्हाच धरली होती.

तुमचंही लिहा.

सांजवात:
21 दिवसांचं इंजेक्शन, म्हणजे हा ताप उलटू नये म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिन. ज्यांच्या घरी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. लेक नववीत आहे, कॅलेंडरवर लाल गोल तीच करते. दुसऱ्या दिवशी लंगडत शाळेत जाते पण चुकवत नाही. सिस्टर औषध आधी हातात धरून कोमट करतात आणि सावकाश देतात, त्याने दुखणं बरंच कमी होतं. कुकर झालाय, नंतर लिहिते.

माळावरचा:
धातूची झडप बसवून नऊ वर्षं झाली. आपल्याकडची, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली. 1990 साली पहिल्यांदा माणसाला बसवली तीच. खर्च महात्मा फुले योजनेतून झाला, नाहीतर जमीन गेली असती. रात्री निजानीज झाली की टिकटिक ऐकू येते. नात छातीला कान लावून झोपते.
रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. मला आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायला सांगितलंय. हुरड्याच्या दिवसांत शेतावर चार दिवस सलग मेथी खाल्ली आणि तो घसरून 1.6 वर आला.

ओवी:
काका, म्हणजे मेथी बंदच का? माझ्या सासऱ्यांना पालेभाजीशिवाय जेवण जात नाही हो.

माळावरचा:
बंद नाही ताई. रोज थोडी, सारख्या मापाने. एकदम ढीग नको आणि एकदम उपासही नको. आणि दाढ काढायची असेल तर दातांच्या डॉक्टरांना झडपेचं आधी सांगायचं, ते अँटिबायोटिक देतात.

ओवी:
बरं झालं सांगितलंत, त्यांची दाढ हलतेच आहे. आमच्याकडे मेथी ताकातली करतात, वरून लसणाची फोडणी. मापाने देईन.

पारिजात:
माझं वेगळं आहे. इकोत "ट्रिव्हियल", म्हणजे अगदी किरकोळ गळती. अशी पुष्कळ निरोगी माणसांतही दिसते, तिने दम लागत नाही असं डॉक्टर म्हणाले. फुप्फुसं नीट, थायरॉइड नीट, हिमोग्लोबिन 12.4. तरी बादली उचलली की धाप लागते. दोन वर्षं झाली. घरचे म्हणतात रिपोर्ट चांगले आहेत ना, मग झालं तर. कारण सापडलं नाही म्हणून दम खोटा होत नाही, एवढंच कुणीतरी म्हणावं असं वाटतं.

सांजवात:
पारिजात, खोटा नाही गं. कधी लागतो, किती पायऱ्यांनी, पाय सुजतात का, रोज वहीत लिही. लेकीच्या वेळी मी तशी वही नेली तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

पारिजात:
आजच सुरू करते. डोळे भरून आले.

ओवी:
जास्वंदताई, भाचीचं काय ठरलं?

जास्वंद:
गुरुवारी साडेअकराला इको. आधी "मावशी, मला काही झालेलं नाही" म्हणत होती. तिला माझी किल्ली शोधायची गोष्ट सांगितली. गप्प बसली थोडा वेळ. मग म्हणाली, तू आत येशील ना माझ्याबरोबर?